रिकामी खुर्ची, नऊ मिनिटं

धुळ्यात गल्ली नंबर सहामध्ये, भांड्यांच्या दुकानाखाली
अकरा पायऱ्या उतरलं की फॉल-पिकोचं मशीन,
मशीनमागे सुपडाबाई.
आधीची दोन गेली म्हणून आईनं हिला
सुपात घालून अंगणभर ओढलं,
तेच नाव पडलं.
व्हीसीडीच्या कव्हरवर मात्र ती स्वीटी.
चेहरा तिचा, आवाज तिचा,
नाव निर्मात्याच्या मेहुणीनं सुचवलेलं.

इर्शादनं ट्रायपॉड लावला तेव्हा तिनं विचारलं,
'कितला दिन?'
अकरा, मी म्हणालो.
'अकरा दिनमा तं तीन पिच्चर व्हयी जातस.
दोनमा मी मरी जास.'

चौदा वेळा मेली आहे ती.
विहिरीत, बैलगाडीखाली,
एकदा सासूनं वाढलेली वरण-बट्टी खाऊन.
मेलेल्या हिरॉइनला दुसऱ्या दिवसाचा रोज द्यावा लागत नसे,
म्हणून निर्मात्यांना मरणाची गोष्ट फार आवडायची.
आम्हाला तिनं मरून दाखवलं, तीन तऱ्हांनी:
मान कुठल्या बाजूला सोडायची,
बांगड्या आधी की मनगट आधी,
पापणीवर माशी बसली तर काय करायचं.
काही नाही करायचं.
मग उठली, पदर झटकला,
आणि पायरीवर थांबलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, साठ रुपये.

शनिवारी रात्री शटर गुडघ्यापर्यंत खाली येतं.
वाकून आत येतात बाया, लूमवरचे दोघं-तिघं,
एक रिटायर पोस्टमन, स्वतःचं पाट घेऊन.
आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी,
नगरसेवकाची नवी गच्ची,
जातीच्या पंचांनी तिलाच ठोकलेला दंड, पावतीच्या नंबरासकट,
सगळं ती कानबाईच्या चालीवर बसवते.
दोरा काढून ठेवलेल्या मशीनवर पाय चालतो,
तोच ठेका.
पोलीस दोनदा आले.
दुसऱ्या खेपेला हवालदाराची आई पहिल्या रांगेत होती.
तो वरच थांबला, चहा प्यायला, गेला.

एक गाणं ती आमच्यासमोर म्हणेना.
लेकीचं आहे, एवढं पोस्टमननं सांगितलं.
सुरतेची लेक, तिचं लग्न
आईचं नाव पत्रिकेत न घालता झालं.
मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा इर्शादनं माझा पाय दाबला.
'ते गानं मशीनवर बसत नही,' ती म्हणाली.

नवव्या दिवशी ती बोलत होती, मधेच वरून आरोळी:
पाणी उनं!
ती उठली. अर्धं वाक्य खुर्चीवर सोडून
दोन हंडे, एक कळशी, धावली.
कॅमेरा चालू राहिला. हिरवी खुर्ची,
पाठीला चिरा, त्यावर चिकटपट्टी.
कॉलर माइक तिच्या पोलक्यालाच होता.

माझ्या कानात पाणी पडायला लागलं.
आधी पत्र्याचं, मग पितळेचं.
शेजारणीशी नंबरावरून भांडण,
आणि कळशी गळ्याशी आली तशी
कुणालाच नसलेल्या आवाजात
ते.
नऊ मिनिटं. मी इर्शादकडे बघितलं नाही.

ती उतरली. पोटापर्यंत ओली, केसांतून निथळत.
माइक काढून माझ्या हातावर ठेवला.
माइक कोरडा होता.
'चालू व्हतं ना?'
नाही, मी म्हणालो.
'चौदा डाव मरेल बाईले तू अ‍ॅक्टिंग शिकाडस?'
आणि सुईत दोरा ओवायला लागली.

ती फाइल माझ्याकडे आहे. नाव दिलेलं नाही.
फिल्ममध्ये खुर्ची तेवढी ठेवली, पूर्ण नऊ मिनिटं, बिनआवाजाची.
नाशिकला त्या जागी लोक उठून बाहेर जातात,
कुणी मोबाइल बघतं.

तळघरात दाखवली तेव्हा कुणी हललं नाही.
पोस्टमन पाट सरकवून पुढे आला.
सुपडाबाईनं पूर्ण बघितली, दातात दोरा धरून.
'खुर्ची चांगली दिसस,' म्हणाली.
'प्लास्टिकनी शे, तरी.'